दशमांश देतो, पण देताना आनंद वाटत नाही. काय करावं?

नवापूर_ते_जळगाव

सर्वांना जय ख्रिस्त. विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज रात्रपाळी करून आलोय आणि झोप लागत नाही म्हणून टाईप करतोय, लांबलं तर माफ करा.

मी मूळचा नवापूर तालुक्यातला, सात वर्षं झाली जळगावला एमआयडीसीत आहे. हातात 19 हजार येतात. लग्न झाल्यापासून दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग देवासाठी काढतो, 1900, पगार झाला की पुढच्या रविवारी पाकिटात घालून देतो, कधी चुकवलं नाही. पण यावर्षी पोरीला डेंग्यू झाला, सहा दिवस अ‍ॅडमिट होती, त्यात गाडीचा हप्ता, गावाकडं आईच्या गुडघ्यांची औषधं, आणि पावसाळ्यापासून ओव्हरटाईम बंद. तरी पाकीट दिलं. पण खरं सांगतो, पाकीट थैलीत टाकताना डोक्यात फक्त आकडा फिरतो, 1900 म्हणजे दोन सिलेंडर, 1900 म्हणजे पोरीची दोन महिन्यांची व्हॅन. गीत चालू असतं आणि मी हिशोब करत असतो.

त्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणी किती दिलं ते वाचून दाखवतात, नाव आणि रक्कम. एका महिन्यात मला 1000 च जमले, तेव्हा माझं नाव आलं आणि पुढच्या बाकावरचे दोघं मागं वळून बघायला लागले. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, तुम्ही देवाला देता का त्या यादीला देता? तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

आणि हीच बायको, गॅलरीत रंगाच्या डब्यात मेथी लावते, तेवढी जुडीभर मेथी कागदात गुंडाळून आमच्या मंडळीतल्या एका आजीला नेऊन देते आणि येताना जिन्यात गाणं म्हणत येते. दहा-पंधरा रुपयांची मेथी. मी 1900 देऊन तोंड पाडून बसलेला.

मला विचारायचं असं की बायबलात 2 करिंथ 9:7 मध्ये संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो म्हटलंय, मग संतोष नसेल तर देऊच नये का? आणि नाही दिलं तर मलाखी 3 आहेच, तिथं देवाला ठकवता म्हटलंय. दोन्हीकडून अडकलोय. ज्यांना खरंच आनंदाने देता येतं त्यांनी सांगा कसं येतं ते.

धुळ्याचे_मास्तर

भाऊ, आधी एक गोष्ट, ज्याला देण्याची फिकीर नाही तो रात्रपाळीनंतर जागून असा प्रश्न विचारत नाही. तेवढं मनात धरा आणि मग पुढचं वाचा.

आपण ते वचन नेहमी शेवटाकडून वाचतो, संतोषाने देणारा. त्याच्या आधी काय आहे बघा, प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने नको आणि भाग पडतं म्हणून नको. म्हणजे क्रम असा आहे की आधी ठरवणं, ते पण स्वतःच्या मनात, दुसऱ्याच्या यादीत नाही. तुमचं ठरवणंच राहून गेलंय असं मला वाटतं. लग्नाच्या वेळी एकदा दहा टक्के धरले आणि मग तो हप्ता झाला, गाडीच्या हप्त्यासारखाच. संतोषासाठी पौलाने, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषिताने, मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय तो हिलारोस, त्याचा अर्थ हसतमुख, प्रसन्न. हप्ता भरताना कोणाचा चेहरा प्रसन्न असतो का.

आणि हे पत्र कशासाठी लिहिलं होतं तेही बघा. पौल तेव्हा यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करत होता. बिल्डिंगसाठी नाही, साऊंड सिस्टिमसाठी नाही, भुकेलेल्या माणसांसाठी. त्यासाठी तो करिंथच्या लोकांना माकेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, त्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, छळात होत्या, आणि तरी आम्हाला यात भाग घेऊ द्या म्हणून त्याच्या मागं लागल्या. मागं लागल्या, हे महत्त्वाचं. आणि आठव्या अध्यायात पुढं अजून एक आहे जे उपदेशात फार कमी येतं, पैसे न्यायला पौल एकटा जात नाही, तीत या आपल्या सोबत्याला आणि मंडळ्यांनी निवडलेल्या माणसाला सोबत घेतो, का तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. देणाऱ्याचा आनंद टिकवायचा तर घेणाऱ्याचा हिशोब उघडा पाहिजे, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

आता दशमांश. अब्राहामाने मलकीसदेकाला दहावा भाग दिला तो नियमशास्त्राच्या कितीतरी आधी, कोणी मागितला नव्हता. पुढं इस्राएलात तो नियम झाला कारण लेव्यांना, म्हणजे लेवीच्या वंशाला, जमिनीत वाटा नव्हता, ते मंदिराचं काम करायचे, त्यांनी खायचं काय. मलाखीत जे कोठार म्हणतात ते खरंच धान्याचं कोठार आहे, ते रिकामं पडलं म्हणजे लेवी उपाशी. पण अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्याय उघडून वाचा हो एकदा. तिथं म्हटलंय दशमांश घेऊन देवाने नेमलेल्या जागी जा, लांब असेल तर विकून पैसे न्या, आणि तिथं तुला आवडेल ते विकत घे, गाय, मेंढरू, द्राक्षारस, आणि घरच्यांसोबत देवापुढं बसून खा आणि आनंद कर. आणि लेव्याला विसरू नको. आणि दर तिसऱ्या वर्षी तो सगळा गावातच ठेव, परका, अनाथ, विधवा येऊन पोटभर खातील. मी चाळीस वर्षं मंडळीत आहे, दशमांशावर शंभर उपदेश ऐकले असतील, पण दशमांश म्हणजे पंगत आहे हे मला कोणी व्यासपीठावरून सांगितलं नाही, ते घरी वाचताना सापडलं, आणि त्या रात्री मी बायकोला उठवून वाचून दाखवलं होतं.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं पण आहे. इकडं पश्चिम खानदेशात, म्हणजे आत्ताच्या धुळे-नंदुरबारला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक होते, 1949 ला त्याचं नाव बदललं आणि आपली जुनी माणसं त्याला टीम मिशन म्हणतात. शाळा, दवाखाना, पाळकाचा म्हणजे पास्टरचा पगार, देवळाची कौलं, सगळं मिशनचं. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण आपल्या आजोबा-पणजोबांना देणारा हात बघायची सवय लागली, स्वतः देणारा हात व्हायची लागली नाही. मग मिशनरी परत गेले आणि एकदम सगळं मंडळीच्या डोक्यावर आलं. म्हणून मग याद्या वाचणं, लाजवून काढणं, हे सुरू झालं. कमिटीवाले वाईट नसतात, घाबरलेले असतात. ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची संघटना काढली, त्यामागं हीच तळमळ होती की इथली मंडळी इथल्या मातीतून, इथल्या पद्धतीने उभी राहावी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, थांबू नका, पण नव्याने ठरवा. वहिनींना सोबत घेऊन बसा. आकडा 1900 येवो की 700 येवो, तो तुमचा असू द्या.

यावलकर_शेतकरी

मास्तरांचं बाकी सगळं पटलं पण 700 ला मी हो म्हणणार नाही. दहावा भाग हा खालचा काठ आहे असं मी मानतो, नियम म्हणून नाही, पण काठ नसला की माणूस घसरत घसरत शंभरच्या नोटेवर येतो, मी येऊन बघितलंय.

पण भाऊ, परतफेडीसाठी देऊ नका एवढं सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडं एका सभेत बाहेरून वक्ते आले होते, म्हणाले विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट येईल. मी ठिबकच्या नळ्या बदलायला ठेवलेले 11 हजार त्या रात्री दिले. उभं राहून, हात वर करून, रडत. त्याच हंगामात केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, पानांवर पिवळे पट्टे, अर्ध्या बागेची झाडं उपटून बांधावर टाकली. सहा महिने मी देवाशी बोललो नाही. मला वाटायचं देवाने व्यवहार मोडला. मग हळूहळू कळलं की मी दिलंच नव्हतं, मी तर गुंतवले होते. माकेदोनियाचे लोक मास्तरांनी सांगितले ना, ते आधी गरीब होते आणि दिल्यावर श्रीमंत झाले असं कुठं लिहिलेलं नाही. गरीबच राहिले असतील. तरी आनंद होता. म्हणजे आनंद परत येणाऱ्या पैशाचा नाही, दुसरा कुठला तरी आहे.

आता केळीचा ट्रक भरला की व्यापाऱ्याचे पैसे हातात आल्यावर पहिले दहावा भाग वेगळ्या डब्यात. मजुरी, खत, सोसायटी, सगळं त्यानंतर. उरल्यावर देऊ म्हटलं तर शेतीत कधी उरतच नाही.

खजिनदार_नंदुरबार

मी पैसे मोजणाऱ्या बाजूने लिहितो.

आमची मंडळी छोटी, पासष्ट-सत्तर घरं. नऊ वर्षं झाली मी खजिनदार आहे. उपासना संपली की वेदीमागच्या खोलीत सतरंजी टाकतो आणि थैली उलटी करतो, दोघंजण मोजतात, एकट्याने कधी मोजायचं नाही हा आमचा नियम, रजिस्टरवर दोघांची सही आणि सोमवारी बँकेत. आता क्यूआर कोडवर पण बरंच येतं, तरुण पोरं तिथूनच देतात. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, म्हणजे दरवर्षी ऑडिट लागतंच, पण ऑडिट धर्मादाय कार्यालयात जातं आणि मंडळीला कळत नाही अशी बऱ्याच ठिकाणची रीत. आम्ही तीन वर्षांपासून एक केलं, देणाऱ्यांची यादी वाचणं बंद आणि खर्चाची यादी वाचणं सुरू. पाळकसाहेबांचं मानधन इतकं, लाईट बिल इतकं, अमक्या घरच्या पोराच्या ऑपरेशनला इतकं, पत्रे बदलायला इतकं. पहिल्या वेळी वाचलं तेव्हा लोकांना पाळकांचं मानधन किती कमी आहे ते कळलं आणि पुढच्या महिन्यात दोन घरांनी न सांगता गहू आणून ठेवले. देणगी कमी होईल असं कमिटीतले दोघंतिघं म्हणत होते, झाली नाही, उलट वाढली. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने मत्तय 6 मध्ये सांगितलंय, मग आपण माईकवरून कसं सांगतो.

आता एक सांगतो, हे मी कुठं बोललो नाही. आमच्या मंडळीत मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, काम करणाऱ्या बाया आहेत, दिवसभर मिरचीचे डेख म्हणजे देठ खुडतात, वजनावर मजुरी. हिवाळ्यात हंगाम असतो तेव्हा थैली उलटी केली की आम्हा दोघांना ठसका बसतो. नोटांना मिरची असते. दहाच्या, वीसच्या, चार घड्या घातलेल्या, कमरेला खोचून घामाने मऊ झालेल्या, आणि उलगडली की लाल पावडर बोटाला लागते आणि चुकून डोळ्याला हात लागला की संपलं. बँकेतली कॅशियर मॅडम विचारते हे कुठले पैसे. मला बायबलातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, आठवतात, मार्क 12, येशू दानपेटीसमोर बसून बघत होता म्हटलंय, बसून, म्हणजे निवांत बघत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं ते पण त्याने बघितलं. पण शिष्यांना हाक मारून दाखवली ती दोन टोल्या टाकणारी.

त्या बायांपैकी एकीला मी एकदा म्हटलं होतं, मावशी तुमचं एवढं कष्टाचं, जरा कमी टाका. ती रागावली माझ्यावर. म्हणाली, आठवडाभर सगळ्यांचं देणं फेडते, दुकानवाल्याचं, घरमालकाचं, हे एकच आहे जे कोणी मागायला येत नाही, ते मी माझ्या मनाने देते, त्यात तू हात घालू नको.

तुमच्या पाकिटातलं 1900 कोणीतरी मागायला आल्यासारखं झालंय भाऊ. तुमच्या कमिटीशी यादीबद्दल बोला, भांडू नका, पण बोला. एकट्याने नको, दोघाचौघांना घेऊन.

नवापूरची_मावशी

पोरा, तू आमच्या तालुक्याचा म्हणून लिहिते, मला टाईप करायला वेळ लागतो.

आनंद नाही म्हणून देऊ नको का असं विचारलंस. लेकराला ताप असला, आपण रात्रभर जागलेले असलो, तरी सकाळी भाकर टाकतोच ना, आनंद वाटेल तेव्हा टाकू असं म्हणतो का. देत राहा. पण आनंद कुठं हरवला ते शोध, आणि तो तुझ्या घरातच जिन्यात गाणं म्हणत येतोय, तूच लिहिलंस. ती मेथी तिने स्वतः लावली, स्वतः खुडली, आणि ज्या आजीला दिली तिचं तोंड बघितलं. तुझं पाकीट कुठं जातं ते तुला दिसतच नाही. म्हणून पैसे दे ते दे, पण थोडं हाताने पण देत जा.

माझी सासू धुळ्याकडची, अहिराणी बोलायची. दळायला काढताना दादर ज्वारीची पहिली मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची, रोज. म्हणायची, पहिले देवना वाटा, मंग आपला. महिन्याला गाडगं भरलं की पाळकांच्या घरी. मिझोरामच्या मंडळ्यांत पण असंच आहे म्हणे, तिथल्या बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर त्यांचं केवढं मोठं काम चालतं, आमच्याकडं आलेल्या एका पाळकांनी सांगितलं होतं. दुष्काळात आमच्या सासूची मूठ लहान झाली, मी बघायची, पण मूठ थांबली नाही. मला विचारशील तर पगाराच्या दिवशी एकदा देण्यापेक्षा रोजची मूठ सोपी, रोज देवाची आठवण होते आणि रोज थोडं सैल व्हायला होतं.

आणि तू कापणीच्या सणाला गावाकडं किती वर्षं आला नाहीस ते सांग. पोरं शहरात गेली आणि सणाला फक्त गुगल पे पाठवतात. अरे तिथं आनंद बघ. भात, तूर, मका, अंबाडीची भाजी, कोंबड्या पाय बांधून, अंडी, एकाने तर मागच्या वर्षी बकरू आणलं होतं, सगळं वेदीपुढं. उपासना झाली की बाहेर मांडवात लिलाव. एक म्हातारा आहे आमच्यात, डोळ्याला नीट दिसत नाही, शेत नाही, त्याने परसातला एक दुध्या आणला होता. बोली वीस रुपयापासून लागली आणि एका मास्तरने 150 ला घेतला आणि घेऊन परत टेबलावर ठेवला, म्हणे पुन्हा बोला. मग दुसऱ्याने 200 ला घेतला, त्याने पण परत ठेवला. असं करत करत त्या एका दुध्याचे बाराशेच्या वर झाले, आणि शेवटी ज्या बाईने घेतला तिने तो त्या म्हाताऱ्याच्याच मांडीवर नेऊन ठेवला, घरी नेऊन भाजी कर म्हणे बाबा. मांडवात सगळे इतके हसत होते, टाळ्या वाजवत होते, म्हातारा पण हसत होता आणि डोळे पुसत होता. त्यात कोणाला वाटलं असेल का की माझे 200 गेले.

आणि आईच्या गुडघ्यांची औषधं बंद करून पाकीट भरू नको. आईबापाचं अडवून ते देवाला वाहिलं म्हणणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं ते मार्क 7 मध्ये वाच.

नवापूर_ते_जळगाव

सगळ्यांचे खूप आभार. मास्तरसर, तुमचं दोनदा वाचलं, अनुवाद 14 बायकोला वाचून दाखवला, तिला पण माहीत नव्हतं, ती म्हणाली मग एखाद्या वेळी दशमांशातून त्या आजीला आणि अजून दोघाचौघांना घरी जेवायला बोलवू.

काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. आतापर्यंत मी एकटाच पाकीट भरायचो, तिला कधी विचारलंच नव्हतं हे काल लक्षात आलं. आईची औषधं आधी लिहिली. यावलकर भाऊ, तुमचा काठ मी सोडत नाही, पण गाडीचा हप्ता संपेपर्यंत मंडळीत 1200 आणि बाकी 700 आम्ही जिथं गरज दिसेल तिथं स्वतः नेऊन देणार, असं ठरलं. या महिन्याचे 700 कोणाला ते पण तिने लगेच सांगितलं, आमच्या लाईनमधल्या एका पोराच्या शाळेची फी अडकलीय. मी सकाळी शाळेत जाऊन भरून आलो, पावती त्याच्या आईकडं दिली. ती काही बोलली नाही, पावतीकडं बघत राहिली. घरी येताना मी दोन सिलेंडरचा हिशोब केला नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं.

यादीबद्दल कमिटीशी बोलायला अजून तिघं तयार झालेत, त्यातला एक पुढच्या बाकावरचा, जो त्या दिवशी वळून बघत होता. त्याला म्हणे माझ्याबद्दल वाईट वाटलं म्हणून त्याने बघितलं होतं.

मावशी, चार वर्षं झाली सणाला आलो नाही. यंदा कधी आहे? आईने परसात लाल भोपळे लावलेत, मोठे झालेत म्हणाली फोनवर.

नवापूरची_मावशी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार ठरतोय, भात निघाला की. सकाळी दहाला. एसटीने आलास तर भोपळा गोणपाटात बांधून आण, देठ मोडू देऊ नको. बायकोची मेथी पण आण, आणि पोरीला आण. यंदा लिलावाला बोली लावायला मी बसणार आहे.